कंदिलाचं गाणं आणि नागोराव काका

गेल्या महिन्यात लातूरला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभी होते. स्पीकरवर कंदिलाचं गाणं लागलं. आपल्याकडे लग्न म्हटलं की ते लागतंच. पुढं उभी असलेली बाई ताट हातात धरून मान डोलवत म्हणाली, "जुन्या गाण्यांची गोडीच निराळी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे जुनं नाही हो. हे नंतरचं रेकॉर्डिंग आहे. पहिल्यात व्हायोलिन नव्हती, नुसती पेटी आणि घुंगरू होते. तिसरं कडवंही यात गाळलंय."

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प बसले. मला गाण्यातलं काही कळत नाही. मी अहमदपूरला शाळेत गणित शिकवते. त्या एका गाण्याबद्दल मला जे माहीत आहे, ते सगळं आमच्या शेजारच्या नागोराव सूर्यवंशींमुळं.

नागोराव काका एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी गावात त्यांना कंट्रोलर म्हणूनच ओळखत. घरात बनियन-पायजम्यावर असले तरी मनगटावर घड्याळ असायचंच. आंघोळीला जाताना ते काढून दाराच्या कोनाड्यात ठेवायचे आणि बाहेर आल्यावर आधी घड्याळ, मग टॉवेल. बोलणंही तसंच. दूधवाला उशिरा आला की "आज सात मिनिटं लेट" एवढंच म्हणायचे. रागावणं नाही, चढा आवाज नाही. माझा मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा पेढा हातात घेऊन म्हणाले, "राइट टाइम." त्यांच्याकडून एवढं कौतुक मिळालं म्हणजे खूप झालं.

त्यांच्या बायकोचं नाव कमल. मी त्यांना काकू म्हणत असे. काका त्यांना नावानं हाक मारत नसत. "ऐकलं का" म्हणायचे, आणि काकूंनी ऐकलेलं असायचं. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत होती, पण काकूंचा आवाज भिंतीपलीकडून मला कधी आला नाही. भांड्यांचा यायचा, पाट्या-वरवंट्याचा यायचा. बाई मात्र मुकी असावी इतकी हळू बोलायची.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी संपलंच. भेटायला येणारे विचारायचे, "कसं झालं हो?" काका म्हणायचे, "सहा वाजून दहा मिनिटांनी." पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच.

तेराव्याला काकूंचे एक चुलतभाऊ देगलूरहून आले होते. काकूंचं माहेर देगलूरचं. जेवणं झाल्यावर ओट्यावर पानसुपारी चालली होती. ते म्हातारे सहज म्हणाले, "काई म्हना, आमच्या कमलचा आवाज ऱ्हाईलाय मागं. कंदिलाच्या गान्यात हाय न्हवं ती."

काकांनी विचारलं, "कुठं हाय?"

"रेकॉर्डात हो. ते मागून पोरी म्हनत्यात न्हाई का, लाव गं, लाव गं. नांदेडच्या गुरुजींनी आमच्या गावच्या पोरी बसवल्या होत्या. तुम्हाला ठाऊक न्हाई?"

 काकांनी घड्याळ बघितलं, उठले आणि आत गेले.

ते गाणं कोणाला माहीत नाही? मुंबईची एक गायिका, नांदेडच्या एका पेटीवाल्या गुरुजींची चाल, आणि मागून मुलींचा कोरस. मांडवात, यात्रेत, रसवंतीवर, सगळीकडं वाजलेलं. काकांनी ते बसस्थानकावरच हजार वेळा ऐकलं असेल. त्यात आपली बायको आहे, हे त्यांना चाळीस वर्षांनी, तिच्या तेराव्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं मोबाइल घेऊन आले. "टीचर, ह्याच्यात ते गाणं काढून द्या."

मी काढून दिलं. एक नाही, नऊ-दहा निघाली. काकांनी सगळी ऐकली आणि त्यांच्या लक्षात आलं, की ही सगळी सारखी नाहीत. कुठं मुली पुष्कळ वाटतात, कुठं कमी. कुठं बाईचा आवाज कोवळा, कुठं जड. आता ह्यातलं कमल असलेलं कोणतं?

तिथून ते सुरू झालं. बसस्थानकावर गाड्यांच्या नोंदी करायचे तशी त्यांनी एक वही आखली. गाण्याची प्रत, कुठून मिळाली, किती मिनिटं-सेकंद, सुरुवात कशी, मुली कुठं कुठं येतात, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. "कॅसेट, उदगीर. तीन सेकंद लौकर संपते. टेप पळते. मुली बारीक वाटतात, विश्वास ठेवू नये." "सीडी, लातूर. खरखर काढली, त्यासोबत घुंगरूही काढले." "रेडिओवरचं. बाई तीच, वाजवणारे निराळे. मुली नाहीतच." अक्षर मोत्यासारखं.

त्यांचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, कशाला उन्हातान्हात फिरताय? मोबाइलवर आहे की सगळं." काका म्हणायचे, "मोबाइलवर सगळे एकाच डेपोचे हायेत." म्हणजे काय ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. गाणं गाजल्यावर रेकॉर्ड कंपनीनं काही वर्षांनी ते मोठ्या तबकडीसाठी पुन्हा गाऊन घेतलं. व्हायोलिन घातली, मुंबईच्याच पंधरा-वीस मुली उभ्या केल्या. पुढच्या कॅसेटी त्यावरून निघाल्या, सीड्या त्यावरून, मोबाइलवरचं तेच. देगलूरच्या मुली होत्या त्या पहिल्या छोट्या तबकडीवर. ती आता कुणाकडं नव्हती.

त्यांना एसटीचा पास होता. नांदेडचा जुना बाजार झाला, लातूरच्या भंगारवाल्यांची गल्ली झाली, उदगीर, मुखेड, कंधार झालं. भंगारवाल्याशी बोलतानाही हे टाचा जुळवून उभे राहत. "भाई, छोटी रेकॉर्ड पाहिजे. लेबल लाल. मोठी असंल तर दाखवू नका, तिच्यात आमचं माणूस न्हाई."

अखेर ती सापडली इस्लापूरला. तिथं एकेकाळी लग्नांना लाउडस्पीकर भाड्यानं देणारा एक माणूस होता. तो गेला होता, पण त्याच्या सुनेनं पेटाऱ्यातल्या तबकड्या कपाटाच्या तळाला अंथरून वर गोधड्या ठेवल्या होत्या. काकांनी एकेक गोधडी काढून घडी मोडू न देता बाजूला ठेवली आणि शेवटच्या थरात त्यांना लाल लेबल दिसलं. हे सांगताना त्यांचा हात गोधडी उचलल्यासारखा वर गेला होता.

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. जुना रेकॉर्ड प्लेअर त्यांनी आधीच दुरुस्त करून ठेवला होता. काकूंच्या फोटोला ताजा हार होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुई ठेवली.

पेटी, मग घुंगरू. गायिकेचा आवाज अगदी कोवळा. आणि मग मुली. लाव गं, लाव गं. शिकलेल्या नव्हत्या त्या, ऐकताच कळत होतं. शाळेच्या पटांगणात म्हटल्यासारखं मोकळं म्हणत होत्या.  गाणं संपलं. काकांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "टीचर, ह्यातली आमची कोणती?"

मी काय सांगणार? म्हटलं, "काका, तुम्हाला ओळखू येईल की."

ते खुर्चीत बसले.  मग म्हणाले, "मी तिला गाताना ऐकलंच न्हाई, टीचर. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात ती चुलीपुढं काहीतरी गुणगुणून ऱ्हायली होती. मी म्हणलो, शेजारी ऐकतील. बस, एवढंच म्हणलो. वरडलो न्हाई." फोटोकडं बघत म्हणाले, "त्याच्यानंतर तिनं कधी म्हटलं न्हाई. मलाबी वाटलं, नसंल येत."

पुढं काही दिवस ते रोज तबकडी लावत. एका सकाळी कुंपणाशी आले, चेहरा उजळलेला. "सापडली! एक आवाज नाकातला हाय, एक जाड हाय, आन एक बारीक हाय, जरा मागं ऱ्हाऊन येतो. ती बारीक म्हणजे आमची. ती अशीच मागं ऱ्हायची." त्यानंतर सहा-सात महिने ते त्या बारीक आवाजासोबत राहिले, दुसरा शब्द मला सुचत नाही. सकाळी चहा झाला की तबकडी लागायची. फोटोपुढं चहाचा कप असायचा. शिजवलेली भाजी बिघडली तर म्हणायचे, "आज तिची बोलणी खावी लागणार," आणि हसायचे. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग देगलूरच्या त्या चुलतभावानं कळवलं, की त्या मुलींपैकी एक शारदाबाई गावातच आहेत. काका म्हणाले, "बाईमाणसाच्या घरी एकटं कसं जावं? तुम्ही चला टीचर." मी रजा टाकली.

शारदाबाईंचं घर बाजाराच्या मागं. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, कानात कुड्या. नवरा तेलुगू मुलखातला होता, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात मधेच "अय्यो" यायचं. काकांना पाहून पदर सावरत म्हणाल्या, "दाजी, लई वर्षांनी. लग्नात बघितलं होतं तुम्हाला." कमल गेल्याचं ऐकून रडल्या. मग काकांनी पिशवीतून रेकॉर्ड प्लेअर काढला. शारदाबाईंनी तबकडी हातात घेऊन चष्म्याजवळ नेली. "अय्यो, ही कुठं मिळाली? आमच्याकडंबी न्हाई ही."

गाणं लागलं. मुली आल्या. काकांनी बोट वर केलं. "ही बारीक. ही कमल न्हवं का?"

शारदाबाई हसल्या. "ती मी हाय, दाजी."

काकांचं बोट तसंच वर राहिलं.

"मला दम पुरायचा न्हाई, म्हणून मागं ऱ्हायची मी. गुरुजी लई बोलायचे. जाड आवाज मंगलचा. ती गेली बिचारी. नाकातला उषाचा, ती हैदराबादला असती लेकाकडं."

"आन कमल?"

शारदाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली, कारण मला कळलं होतं.

"दाजी, कमल आलीच न्हाई मुंबईला."

सुई शेवटच्या वळणावर खरखरत होती. ती उचलायचं कुणालाच सुचलं नाही.

"तालमीत होती ती. आमच्यात चांगली तीच. खालचा सूर तिचा. आम्ही तिघी वर, ती एकटी खाली. सगळं गाव ऐकायला यायचं, म्हणून गावाला वाटतं चौघीबी रेकॉर्डात हायेत. तिच्या आईनंबी कुणाला खरं सांगितलं न्हाई. जायच्या दोन दिवस आधी तुमच्याकडून चिठ्ठी आली. सोयरीक झालेल्या पोरीनं गाण्यासाठी परगावी जाऊ नये म्हणून. कमलनं वाचली, घडी घातली आन पोलक्यात ठिवली. आम्ही तिघी गेलो. तिची जागा तशीच रिकामी ठिवली गुरुजींनी. मुंबईची पोरगी घ्या म्हणत होते तिथले लोक, पण गुरुजी म्हणले, ऱ्हाऊ द्या."

काकांनी विचारलं, "अक्षर कुणाचं होतं?"

"ते मला काय ठाऊक, दाजी."

"आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटाच होतो," काका म्हणाले. "वडील सांगायचे, मी लिहायचो. किती वऱ्हाडी येणार, हळद कधी, मुक्काम कुठं. त्यातच लिहिलं असंल." मग माझ्याकडं वळून, मी जणू त्यांच्यावर विश्वास ठेवणार नव्हते अशा आवाजात म्हणाले, "आठवत न्हाई, टीचर. खरंच आठवत न्हाई."

मला वाटतं, ते खरं बोलत होते. चिठ्ठीतल्या त्या ओळीसाठी त्यांना काही सोडावं लागलं नव्हतं. मग ती लक्षात कशाला राहील?

शारदाबाई बोलायला लागल्यावर थांबेनात. वाईट हेतू नव्हता. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं. "तुमच्या लग्नात मांडवात हीच रेकॉर्ड वाजली, दाजी. नवीच निघाली होती. मी कमलकडंच बघत होते. मुंडावळ्या बांधून बसली होती, खाली मान घालून. ओठ हलत होते तिचे. तुम्हाला दिसलं नसंल."

"मी घड्याळ बघत होतो," काका म्हणाले. "मुहूर्त टळू नये म्हणून."

 परतताना मुखेडला गाडी दहा मिनिटं उभी राहिली. मी चहा आणून दिला, तो काकांनी हातात धरून ठेवला. गाडी हलल्यावर म्हणाले, "चाळीस वर्षांत एकदा तरी बोलायची न्हाई का ती? भांडायची. ताट फेकायची." त्यांनी थंड झालेला चहा खिडकीबाहेर ओतला. "मी नियंत्रक होतो ना," ते म्हणाले. "कुणाला कुठं जाऊ द्यायचं न्हाई, हे आपल्यालाच ठरवावं लागतं, असं वाटायचं."

मला वाटलं होतं, आता हे सगळं थांबेल. तबकडी पेटाऱ्यात जाईल. थोडे दिवस खरंच भिंतीपलीकडून काही आलं नाही. फोटोपुढचा चहाचा कपही दिसेनासा झाला. मग एका गुरुवारी ते सकाळच्या देगलूर गाडीनं गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. मी विचारलं तर म्हणाले, "काम हाय."

काय काम ते मला शारदाबाईंकडून कळलं. त्यांनीच एकदा फोन केला. "टीचर, दाजींना समजावा. येऊन म्हणून राहिलेत, कमलचा सूर मला शिकवा. मी म्हणलं, तो बाईचा सूर, तुम्हाला कसा यावा? म्हणले, खालचा हाय न्हवं, मग येईल. आता काय सांगू? सूर म्हणून न्हाईच त्यांच्याजवळ. एक ओळ धरायला चार गुरुवार गेले. मी रागं भरले तर गप बसतात, आन पुन्हा पहिल्यापासून म्हणतात." त्या हसत होत्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मला ठाऊक हाय ती ओळ. माझ्यामागं कुणाला ठाऊक न्हाई. म्हणून शिकवून राहिले."

मी काकांना काहीच समजावलं नाही.

ते मागच्या पावसाळ्यात गेले. मी तेव्हा लातूरला होते, परीक्षेच्या पेपर तपासणीला. मुलानं सगळं नीट केलं. पुढं घर विकायचं ठरलं, सामान हललं. वही मुलानं मला दिली. शेवटच्या पानावर लाल लेबलच्या तबकडीची नोंद आहे. शेऱ्याच्या रकान्यात आधी "हीच" असं लिहिलेलं आहे. मग ते खोडून "तीन आवाज" असं लिहिलं आहे. बाकी काही नाही.

पण मला त्यांची आठवण येते ती जाण्याच्या महिनाभर आधीची. एका रविवारी मी मेथीचे पराठे द्यायला गेले होते. दार लोटलेलं होतं. आत गाणं चालू होतं. मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले.

काका रेकॉर्ड प्लेअरसमोर उभे होते, पाठमोरे. मुली आल्या, तशी काकांच्या घशातून मुलींच्या सुराखालून एक ओळ निघाली. घोगरी, चुकलेली, सुराच्या आसपाससुद्धा नाही. त्यांना ते कळलं. त्यांनी वाकून सुई उचलली, मागं आणून ठेवली आणि पुन्हा सरळ उभे राहिले, हात मांड्यांना टेकवून. पेटी वाजली. घुंगरू वाजले. बाई पहिली ओळ म्हणू लागली. मुली यायला अजून अवकाश होता, आणि नागोराव काका तोंड किंचित उघडं ठेवून आपली पाळी येण्याची वाट बघत उभे होते.

मी पराठ्यांचा डबा आवाज न करता उंबऱ्यावर ठेवला आणि दार पुन्हा होतं तसं लोटून घेतलं.